बंद डबा रिकामा नसतो

दुपारच्या सुट्टीचा भोंगा होतो. हात धुऊन कामगार मंडळी सावलीला डबे उघडायला बसतात. रोज त्यांतल्या एखाद्याचा डबा हटून बसतो. सकाळी घाईत गरमागरम भाजी भरून झाकण दाबून लावलेले असते. ते आता काही केल्या निघत नाही. कोणी कडेवर चमचा मारतो, कोणी डबा गुडघ्यांत धरून जोर लावतो. शेवटी एखादा जुनाजाणता कामगार म्हणतो, "अरे, जोर कशाला लावतोस? गरम पाण्यात ठेव जरा." दोन मिनिटे डबा गरम पाण्यात ठेवला की झाकण आपसूक सैल होते.

हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. झाकण कोणी धरून ठेवले होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. भाजीच्या चिकटपणाने झाकण बसले असे म्हणून आपण जेवायला लागतो.

खरे उत्तर असे, की झाकण हवेने धरून ठेवले होते. डब्यातल्या नव्हे, डब्याबाहेरच्या हवेने. ही गोष्ट वरवर गमतीची वाटते. पण जो नियम डब्याचे झाकण धरून ठेवतो, तोच नियम टायर, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि तेलाचा ड्रम यांनाही लागू आहे. तिथे तो ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याची किंमत हातापायाने मोजावी लागते. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे. आठवी-नववीत शिकणाऱ्या मुलामुलींनी तो वाचावा आणि गॅरेजमध्ये, वर्कशॉपमध्ये, ट्रकवर काम करणाऱ्या वडील माणसांना वाचून दाखवावा, अशी आमची इच्छा आहे.

झाकणावर बसलेले ओझे

आपल्या सभोवतीच्या हवेला वजन आहे. ती प्रत्येक वस्तूच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो इतका दाब देते. आपल्याला तो जाणवत नाही, कारण आतून आणि बाहेरून दाब सारखाच असतो. उघड्या डब्याच्या झाकणावरही वरून जेवढा दाब, तेवढाच खालून.

आता डबा लावतानाचा विचार करा. आतली हवा गरम आहे, समजा ७७ अंश सेल्सिअस. झाकण घट्ट बसले आणि आतली हवा आत अडकली. दुपारपर्यंत डबा निवून २७ अंशांवर आला. हवा तेवढीच आहे आणि डब्याचे आकारमानही तेवढेच आहे. फक्त ती थंड झाली आहे. पण थंड झालेल्या हवेचा दाब कमी होतो. या उदाहरणात तो सातव्या भागाने घटतो. हा सातवा भाग कुठून आला ते पुढे सांगतो. झाकण १० सेंटिमीटर रुंदीचे असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या सातव्या भागाने कमतरता पडली, म्हणजे झाकणावर बाहेरून सुमारे ११ किलोंचे ओझे बसले. शिवाय भाजीची वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, त्यामुळे आतला दाब आणखी उतरतो. झाकण हवाबंद बसले असेल, तर चमचा मारून ते निघणार कसे?

डबा गरम पाण्यात ठेवला की आतली हवा तापते, तिचा दाब पुन्हा वाढतो आणि ओझे उतरते. चाकूच्या टोकाने कड किंचित उचलली तरी 'फस्स' असा आवाज होतो आणि झाकण निघते. तो आवाज बाहेरची हवा आत शिरल्याचा असतो.

आत काय चालते?

हवा म्हणजे रेणूंची गर्दी. हे रेणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते क्षणभरही स्वस्थ नसतात. आपल्या खोलीतल्या हवेचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने इकडून तिकडे धावत असतात. ते एकमेकांवर आपटतात आणि भांड्याच्या भिंतींवरही आपटतात. या असंख्य आपटण्यांची जी एकूण ढकल, तिलाच आपण दाब म्हणतो. ही कल्पना डॅनिएल बर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ साली मांडली.

उष्णता दिली की रेणूंचा वेग वाढतो. वेग वाढला की दोन गोष्टी होतात. प्रत्येक रेणू भिंतीवर अधिक जोराने आपटतो आणि अधिक वेळा आपटतो. भांडे फुग्यासारखे असते तर ते फुगले असते आणि रेणूंना पळायला जागा मिळाली असती. पण भांडे पोलादाचे आणि बंद असेल, तर जागा वाढत नाही. सगळी वाढ दाबातच होते. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत वीस पोरे शांत बसली आहेत, तोवर भिंतींना त्रास नाही. तीच वीस पोरे धावू लागली की भिंती हादरतात. पोरे वाढली नाहीत आणि खोली लहान झाली नाही, फक्त धावणे वाढले. तसेच हे.

ऐकू न येणारा संशोधक

हा नियम प्रथम नीट तपासला तो गिओम आमोंताँ या फ्रेंच संशोधकाने. तो १६६३ साली जन्मला. लहान वयातच त्याची श्रवणशक्ती गेली. विद्यापीठाची पदवीही त्याच्याजवळ नव्हती. पण स्वतः उपकरणे बनवण्याचा त्याला नाद होता. त्याने काचेच्या गोळ्यात हवा कोंडली, तिला नळीतल्या पाऱ्याने अडवून धरले आणि गोळा थंड पाण्यात, मग उकळत्या पाण्यात ठेवून पारा किती वर ढकलला जातो ते मोजले. १७०२ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपले निष्कर्ष ठेवले. थंड पाण्यापासून उकळत्या पाण्यापर्यंत तापवले की कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. सुरुवातीला हवा कमी कोंडलेली असो वा जास्त, वाढीचे प्रमाण तेच राहते.

त्या काळी आजच्यासारखे भरवशाचे तापमापकही नव्हते. सेल्सिअसने आपली मोजपट्टी मांडली ती १७४२ साली, म्हणजे त्यानंतर चाळीस वर्षांनी. आमोंताँचे माप आजच्या हिशोबाशी ताडून पाहिले तर ते बरोबर निघते, हे विशेष.

आमोंताँने आणखी एक पाऊल पुढे टाकले. हवा थंड करत गेलो तर दाब कमी कमी होत जाणार. मग कधी तरी तो शून्य होईल. त्याखाली थंडी जाऊच शकणार नाही. थंडीलाही तळ असतो, ही कल्पना इथून निघाली. पुढे १८०२ मध्ये गे-ल्युसॅक या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने वायूंच्या प्रसरणाचे नीट मोजमाप प्रसिद्ध केले. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत दाब आणि तापमानाचा हा नियम त्याच्याच नावाने येतो. लॉर्ड केल्व्हिनने १८४८ साली निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. तिच्यावर उभ्या राहिलेल्या मोजपट्टीचा शून्य या तळावर आहे. तो तळ म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. रोजच्या हिशोबाला २७३ धरले तरी चालते.

हिशोब कसा करावा

नियम असा आहे: वायू तेवढाच ठेवला आणि भांड्याचे आकारमान बदलले नाही, तर वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. निरपेक्ष तापमान काढायला सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवायचे. २७ अंश म्हणजे ३०० केल्व्हिन आणि ७७ अंश म्हणजे ३५० केल्व्हिन. ३५० चे ३०० झाले, म्हणजे सातातला एक भाग गेला. डब्याच्या झाकणाचा सातवा भाग तो हाच.

विद्यार्थ्यांनी सूत्र असे ध्यानात ठेवावे: पहिला दाब भागिले पहिले निरपेक्ष तापमान, बरोबर दुसरा दाब भागिले दुसरे निरपेक्ष तापमान. एवढ्यावर परीक्षेतले गणित सुटते. पण त्यात दोन खड्डे आहेत आणि शिकलेसवरलेलेही त्यांत पडतात.

पहिला खड्डा सेल्सिअसचा. तापमान २५ अंशांचे ५० अंश झाले तर दाब दुप्पट होईल, असे अनेक मुले लिहितात. ते चूक आहे. २५ म्हणजे २९८ केल्व्हिन आणि ५० म्हणजे ३२३ केल्व्हिन. दाब फक्त साडेआठ टक्क्यांच्या आसपास वाढतो. दाब दुप्पट व्हायचा तर निरपेक्ष तापमान दुप्पट व्हावे लागते, म्हणजे २७ अंशांवरून ३२७ अंशांवर जावे लागते.

दुसरा खड्डा दाबमापकाचा. पंक्चरवाल्याचा गेज बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तेवढेच दाखवतो. खरा दाब काढायला त्यात वातावरणाचा दाब मिळवावा लागतो. पौंडांत तो सुमारे १५ आहे.

टायरची हवा

रिक्षा, टेम्पो किंवा ट्रक चालवणाऱ्या बांधवांच्या कामाचे उदाहरण घेऊ. सकाळी गार टायरमध्ये ३० पौंड हवा भरली. तेव्हा तापमान २७ अंश होते. खरा दाब झाला ३० अधिक १५, म्हणजे ४५ पौंड. दुपारी तापलेल्या डांबरावर धावून टायरमधली हवा ५७ अंशांवर गेली. ३०० केल्व्हिनचे ३३० झाले, म्हणजे दहा टक्के वाढ. ४५ चे साडेएकोणपन्नास झाले. त्यातून १५ वजा केले की गेजवर दिसतात साडेचौतीस पौंड.

ड्रायव्हर म्हणतो, "हवा जास्त झाली," आणि साडेचार पौंड सोडून देतो. गेज पुन्हा ३० दाखवतो. पण रात्री टायर गार झाला की हिशोब उलटा फिरतो. आत उरलेले ४५ पौंड आता ४१ च्या आसपास येतात, म्हणजे गेजवर उरतात जेमतेम २६. दुसऱ्या दिवशी गाडी कमी हवेवर धावते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि म्हणून जास्त तापतो. वजन भरलेल्या गाडीचा टायर फुटण्यामागे बरेचदा कमी हवाच असते.

म्हणून टायरची हवा नेहमी गार टायरवर मोजावी आणि गरम टायरची वाढलेली हवा सोडू नये. टायर बनवणाऱ्यांनी दिलेला आकडा गार टायरचाच असतो. दुसरी खबरदारी याहून महत्त्वाची आहे. टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीही लावू नये. हवा सोडली असली तरी लावू नये. आतली हवा तर तापतेच, शिवाय रबर तापून त्यातून पेट घेणारे वायू सुटतात. आधी टायर उतरवावा, मग रिमला हात लावावा.

ऑक्सिजनचा सिलिंडर आणि घरातला सिलिंडर

वेल्डिंगच्या दुकानात किंवा दवाखान्यात जो ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, त्यात वायू साधारण १५० पट वातावरणाच्या दाबाने कोंडलेला असतो. २७ अंशांवर १५० असेल, तर ५७ अंशांवर १६५ होईल. चांगला, वेळच्या वेळी तपासलेला सिलिंडर एवढे सहज सोसतो, कारण त्याची चाचणी भरण्याच्या दाबापेक्षा बरीच जास्त ताकद लावून होते. म्हणजे सिलिंडर घटकाभर उन्हात राहिला की फुटलाच, ही भीती खरी नव्हे. पण आग लागली आणि सिलिंडर ३२७ अंशांवर गेला, की दाब ३०० होतो. ६२७ अंशांवर तो ४५० होईल. त्याच वेळी तापलेल्या पोलादाची ताकद कमी होत असते. आतला जोर वाढतो आणि भिंत कमजोर होते, अशा दोन्ही बाजूंनी संकट येते. म्हणून सिलिंडर सावलीत, ज्योतीपासून दूर, उभे आणि साखळीने बांधून ठेवायचे असतात. मुदत उलटलेला, गंजलेला किंवा पोचा आलेला सिलिंडर वापरायचा नसतो. आपल्या देशात सिलिंडरांच्या सुरक्षिततेचे नियम सांभाळणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरलाच आहे, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

स्वयंपाकघरातला सिलिंडर मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्यात वायू दाबून द्रव केलेला असतो आणि वर थोडी मोकळी जागा राखलेली असते. तापवल्यावर त्या द्रवातून आणखी वायू तयार होतो. म्हणजे वायू तेवढाच राहत नाही, आणि आपल्या नियमाची पहिली अटच मोडते. मग दाब कितीतरी झपाट्याने वाढतो. या गॅसचे मुख्य घटक प्रोपेन आणि ब्यूटेन. २० अंशांवरून ५० अंशांवर गेल्यावर साधा कोंडलेला वायू दहा टक्क्यांनीच वाढतो, पण द्रवासह कोंडलेल्या प्रोपेनचा दाब जवळपास दुप्पट होतो, आणि ब्यूटेनचा दुपटीहून जास्त. शिवाय द्रव स्वतःही फुगतो. सिलिंडर काठोकाठ न भरण्याचे कारण हेच आहे.

गॅस संपत आला की काही घरांत सिलिंडर आडवा करतात, गरम पाण्यात ठेवतात, क्वचित खाली निखारेही ठेवतात. आमच्या माताभगिनींना आमचे कळकळीचे सांगणे आहे, की हे करू नका. चार चहा जास्त होतील म्हणून घर धोक्यात घालू नये. डास मारण्याच्या किंवा सुगंधाच्या फवाऱ्याचे डबेही याच जातीचे आहेत. संपला असे वाटणाऱ्या डब्यातही थोडा द्रव उरलेला असू शकतो. पन्नास अंशांवर तापवू नका आणि जाळू नका असे त्यावर छापलेले असते. थंडीच्या दिवसांत कचरा पेटवून शेकणाऱ्या मुलांना आणि कचरा वेचणाऱ्या बांधवांना हे आवर्जून सांगावे.

"ड्रम तर रिकामा होता"

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीला लागून पत्र्याच्या शेडमध्ये एक लहानसे वर्कशॉप होते. वस्तीत पाणी दिवसाआड यायचे, म्हणून लोक जुने तेलाचे ड्रम आणून वरचे झाकण कापून घेत आणि त्यांत वापरायचे पाणी साठवत. एका सकाळी तिथल्या हेल्परला असाच एक ड्रम कापायला सांगण्यात आला. मुलगा विशीच्या आतला, आमच्याच गल्लीतला. ड्रमचे बूच घट्ट लावलेले होते. त्याने कटरची ज्योत लावली. क्षणभरात असा आवाज झाला, की आमच्या घरातली भांडी फळीवरून खाली आली. ड्रमचे झाकण शेडचा पत्रा फाडून वर गेले आणि पलीकडच्या नाल्यात सापडले. मुलगा वाचला, पण त्याची उजव्या हाताची मूठ आजही पूर्ण मिटत नाही. सगळे जमले तेव्हा मालक एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "ड्रम तर रिकामा होता."

तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटत होते. आणि तिथेच सगळी चूक होती.

रिकाम्या ड्रममध्ये हवा असते. २०० लिटरच्या ड्रमच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे अडीच हजार चौरस सेंटिमीटर असते. ड्रम आतून लख्ख धुतलेला असला आणि बूच बंद ठेवून त्याला ३२७ अंशांपर्यंत तापवले, तर आतला दाब दुप्पट होतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो जास्त. झाकणावर आतून अडीच टनांचा रेटा! हा झाला नुसत्या हवेचा पराक्रम.

पण तेलाचा किंवा थिनरचा ड्रम लख्ख नसतोच. तळाशी, शिवणीत, गंजात थोडे तेल राहतेच. ते डोळ्यांना दिसत नाही आणि काही वेळा वासही येत नाही. ज्योतीने पत्रा तापला की त्याची वाफ होते, हवेत मिसळते आणि पेट घेते. बंद जागेत हे मिश्रण पेटले की आतले तापमान क्षणात दोन हजार अंशांच्याही वर जाते. आपला हिशोब लावून पाहा. ३०० केल्व्हिनचे २४०० झाले, की दाब आठपट. पेट्रोलच्या इंजिनात हाच जोर पिस्टन ढकलतो आणि गाडी चालते. इंजिनाच्या भिंती त्यासाठीच जाड ओतलेल्या असतात. ड्रमचा पातळ पत्रा तो जोर कसा सोसणार? आठपट दाब व्हायच्या कितीतरी आधीच झाकण उडते, आणि ते ज्या दिशेला उडते तिकडे बहुधा कापणाऱ्याचे तोंड असते.

हा धोका कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३७ व्या कलमातच म्हटले होते, की ज्या टाकीत किंवा भांड्यात पेट घेणारा पदार्थ आहे किंवा पूर्वी होता, तिच्यावर तो पदार्थ आणि त्याची वाफ पुरती काढून टाकल्याशिवाय वेल्डिंग किंवा कटिंग करू नये. 'किंवा पूर्वी होता' हे शब्द पुन्हा वाचावेत. रिकाम्या ड्रमसाठीच ते घातले होते. पण पत्र्याच्या शेडपर्यंत हे शब्द पोचले नाहीत. तिथे पोचला तो एक हेल्पर आणि एक ज्योत.

म्हणून अशा कामावर असलेल्या प्रत्येक तरुणाने काही गोष्टी पाठ कराव्यात. बूच बंद असलेल्या कोणत्याही भांड्याला ज्योत लावायची नाही. आत पूर्वी काय होते हे विचारल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. नुसते एकदा पाणी फिरवून विसळणे पुरेसे नसते. वाफेने किंवा गरम पाण्याने नीट साफसफाई हवी. सर्व तोंडे उघडी हवीत. कापायच्या जागेच्या जवळपर्यंत पाणी भरून आतली हवेची जागा कमीत कमी करायला हवी. आणि आत पेट घेणारी वाफ उरली नाही याची तपासणी जाणकार माणसाने करायला हवी. हे जमत नसेल तर काम घेऊ नये. आणि पाणी साठवण्यासाठी घरच्यांनी ड्रम कापायला देऊच नये. उघड्या तोंडाचे तयार पिंप मिळते. शंभर-दोनशे रुपये वाचवायला कोणाच्या तरी मुलाचा हात पणाला लावू नये.

आमच्या गल्लीतल्या त्या मुलाने सातवीतच शाळा सोडली होती. दाब आणि तापमानाचा धडा पुढच्या इयत्तेत असतो. त्याला तो वाचायला मिळाला असता तर त्याने ज्योत लावण्याआधी निदान बूच तरी उघडले असते, असे आम्हांला राहून राहून वाटते.

घरी करून पाहा

मुलामुलींनी हा नियम डोळ्यांनी पाहावा म्हणून एक सोपा, निर्धोक प्रयोग सांगतो. यात विस्तव लागत नाही. काचेची रिकामी सोड्याची बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर बर्फाच्या पाण्यात ठेवली तरी चालेल. बाहेर काढून तिच्या तोंडाची कड ओली करा आणि तोंड पूर्ण झाकेल असे एक नाणे ओले करून वर ठेवा. मग दोन्ही तळहातांनी बाटली घट्ट कवटाळून शांत बसा. थोड्याच वेळात नाणे 'टक' असे उचलले जाईल. पुन्हा टक, पुन्हा टक.

तुमच्या हातांच्या उबेने आतली हवा तापली. काच ताणली जात नाही आणि नाण्याने तोंड बंद केले आहे, म्हणून दाब वाढला. नाणे उचलण्याइतका दाब झाला की थोडी हवा निसटते आणि नाणे पुन्हा बसते. हिशोब केला तर अवघ्या एक-दोन अंशांची वाढ त्या नाण्याला उचलायला पुरते. वहीत लिहून करून पाहा. हाताच्या उबेने जर नाणे उडते, तर कटरच्या ज्योतीने काय उडेल, हे मग कोणी सांगावे लागत नाही.

प्रयोग संध्याकाळी सगळ्यांसमोर करावा. आजीला दाखवावा, आणि कामावरून आलेल्या वडिलांना व मोठ्या भावाला तर नक्की दाखवावा. त्यांच्यापैकी कोणाला उद्या कोणी म्हणाले, "कापून टाक, ड्रम रिकामाच आहे," तर त्यांनी ज्योत पेटवण्याआधी एवढेच विचारावे: बूच उघडे आहे का, आणि यात पूर्वी काय होते?